मोहाची फुलं आणि देवीचा हुकूम

१८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा झाला आणि त्याच साली सरकारचा वन कायदाही आला. खानदेशातल्या विसरवाडीच्या आसपासच्या मावची, भिल्ल, कोकणी पाड्यांवर हे साल कुणाला सांगता येणार नाही. म्हातारी माणसं एवढंच सांगत, की आधी मोह आपला होता. मग झाड जंगलखात्याचं झालं आणि झाडाखालच्या चुलीवरचं मडकं अबकारीवाल्याचं.

माझ्या आजीचं कालगणन निराळं होतं. छपन्याचा दुष्काळ, आगगाडी आली ते वर्ष, देवी आली ते वर्ष, आणि मग स्वतःचं लग्न. छपन्या म्हणजे संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. त्याच सुमाराला सुरतेहून नवापूर, चिंचपाड्यावरून अमळनेरकडे तापी व्हॅली रेल्वे धावू लागली. आजीच्या सासूनं दोन्ही पाहिलं होतं. एकीकडे माणसं कंद खणत फिरायची आणि दुसरीकडे सागाची लाकडं भरून गाड्या जायच्या, असं ती सांगायची म्हणे. त्या साली घराला तारलं ते वाळवलेल्या मोहानं. शिजवून खायचा, भाजून कुटायचा, त्यात मूठभर पीठ मिळालं तर सणच.

मोहाचं काम चैत्रात. फूल पहाटे गळतं, म्हणून अंधारातच टोपल्या घेऊन निघायचं. त्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करून ठेवायची. फुलं अंगणात वाळवायची, कणगीत भरायची. पुढं बियांचं तेल काढायचं. दारू हा त्यातला एक भाग, पण तो वगळता येत नसे, कारण ती फक्त माणसं पीत नव्हती. मूल जन्मलं, सोयरीक जुळली, कुणी गेलं, नवं धान्य घरात आलं, की आधी जमिनीवर देवाच्या नावानं धार पाडायची. घरची भट्टी बंद करून ठेकेदाराच्या दुकानातली दारू विकत घ्या, असं सरकारनं सांगितलं तेव्हा देवाचा नैवेद्यही उधारीवर आला. ठेकेदार आणि सावकार पुष्कळदा एकच असे. उधारी फेडायला पोरगा सालदार म्हणून राबायचा.

आजी हे रागानं सांगत नसे. शिपाई आला की मडकं कुठं लपवायचं, यावर ती खूप रंगायची. ओढ्याच्या वाळूत, शेणाच्या ढिगात, एकदा तर बाळंतिणीच्या खाटेखाली.

आणि मग देवी आली. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या वस्तीत, देवी अंगात येऊ लागली; पुढं तिला सलाबाई म्हणत. तिथून डोंगर चढत, डांगातून ती खानदेशच्या या पश्चिम टोकाला पोचली आणि नोव्हेंबरपर्यंत सुरतेच्या गावांत. मांडवात माणसं बसत, कुणाच्या तरी अंगात येई, हातात लाल फडकं धरून ती व्यक्ती बोलू लागे. दारू पिऊ नका. ताडी पिऊ नका. मांस-मासळी सोडा. रोज अंघोळ करा. सुरतेकडे पुढचा हुकूमही आला: पारशी दारूवाल्यांकडे कामाला जाऊ नका.

आमच्या पाड्यानं कोंबड्यांचा त्याग केला, ही आजीच्या सासूची गोष्ट. सगळ्या कोंबड्या टोपल्यांत भरून रानात नेऊन सोडल्या. दिवस मावळताना त्या ओळीनं परत आल्या आणि आपापल्या घरात शिरल्या. दुसऱ्या दिवशी आणखी लांब नेल्या. तिसऱ्या दिवशी काय झालं, हे आजी कधी सांगायची नाही, नुसती हसायची.

दारू सोडण्याचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माणूस पाणी पिईल, पण जुन्या देवांचं काय? सलाबाईनं सोडायला सांगितलं, तरी वाघदेवानं कुठं सांगितलं होतं? काहींनी नारळ फोडून भागवलं. एका पावसाळ्यात गुरं दगावली आणि निम्मा पाडा पुन्हा धार पाडायला लागला. सुरतेकडच्या गावांत तर सोडलेल्यांचे आणि परत फिरलेल्यांचे तट पडले. पहिल्यांना वर्जेला म्हणत, दुसऱ्यांना सर्जेला. मला वाटतं, या माघारीमुळेच आजीच्या गोष्टीवर जास्त विश्वास बसतो. नुसती शूरपणाची कथा असती, तर कोंबड्या परत आल्या नसत्या.

डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानं या चळवळीवर १९८७ मध्ये पुस्तक लिहिलं, ते बरंचसं म्हाताऱ्या माणसांना गाठून, त्यांचं ऐकून. देवीच्या तोंडून आदिवासी स्वतःच ठरवत होते, की आता ठेकेदाराला पैसा द्यायचा नाही. बाहेरचे सुधारक नंतर आले. गांधींचं नाव मांडवात घेतलं जाऊ लागलं, तेही पुढं.

असं ऐकून घेण्याचं काम आयर्लंडनं फार मोठ्या प्रमाणावर केलं. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या सुमारे पाच हजार प्राथमिक शाळांतल्या पन्नास हजारांवर मुलांनी घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं वह्यांत उतरवून काढलं: बटाट्याच्या दुष्काळाच्या आठवणी, संत, भुतं, घरगुती औषधं. त्यांच्याकडेही चोरून गाळलेल्या दारूचे आणि शिपायाला चकवल्याचे किस्से भरपूर. आपल्याकडे आश्रमशाळा झाल्या, पण तिथं आजीची भाषा वर्गाबाहेर ठेवावी लागे. मी स्वतः मावचीत बोललो म्हणून पट्टी खाल्ली आहे. त्या शाळेनं हे किस्से कशाला लिहून घेतले असते?

शाळेनं लिहिलं नाही, आणि सरकारी लोकांना आमचा मुलूख माहीत होता तो हिवतापासाठी. बदली होऊन आलेला कारकून चातुर्मास संपायच्या आत परत बदलीसाठी अर्ज करायचा. आजीच्या मते हिव ही आमची राखण होती, कारण बाहेरचा माणूस तिच्यामुळे टिकत नसे.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानं मोह पुन्हा गुन्ह्यात गेला. फुलं साठवायला, न्यायला परवाने लागू लागले. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलांवरचे हे निर्बंध उठवले. ती बातमी मी गावी काकांना वाचून दाखवली. अंगणात मोहाची चटई पसरलेली होती, कोंबड्या हुसकत काका बसले होते.

"म्हणजे इतकी वर्षं फुलांवरही बंदी होती?" काकांनी विचारलं. मग म्हणाले, "भाव काय लिहिलाय ते वाच."

भाव लिहिलेला नव्हता.