करवंदाची वई : मावळच्या परसापासून साम्राज्याच्या सीमेपर्यंत

१/
१७७९ चा जानेवारी महिना. रघुनाथरावांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी निघालेली मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून मावळात आली. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट, म्हणजे मराठ्यांच्या तोंडचा ‘इष्टुर फाकडा’, कामी आला. ९ जानेवारीला फौज तळेगावास पोहोचली, तेव्हा गाव जळालेले होते; दाणा नाही, वैरण नाही. दोन दिवसांनी रात्रीच्या अंधारात माघार सुरू झाली. जड तोफा तळ्यात ढकलल्या गेल्या आणि वडगावात महादजी शिंद्यांच्या सैन्याने कोंडी केल्यावर इंग्रजांना तहाची याचना करावी लागली.

२/
वडगावची ही हकिकत इतिहासप्रेमींना पाठ असते. तिच्यातील ऋतू मात्र सहसा कोणी पाहत नाही. जानेवारीत मावळच्या डोंगरउतारावरच्या करवंदाच्या जाळ्यांना एकही फळ नसते. पांढऱ्या सुवासिक फुलांना नुकती कुठे सुरुवात होते. काळी फळे लगडतात ती एप्रिल-मेमध्ये. त्या उपाशी फौजेला या रानाकडून काट्यांखेरीज काही मिळण्यासारखे नव्हते. या धाग्याचा विषय ती लढाई नव्हे, तर हे झुडूप होय. बरोबर शंभर वर्षांनी, १८७९ मध्ये, याच झुडपाने इंग्रजांची चाकरी संपवली. ती चाकरी कोणती, हे पाहण्याआधी त्याचे घरचे रूप पाहिले पाहिजे.

३/
युरोपातील खेड्यांत घरामागच्या कुंपणात एल्डरबेरीचे झुडूप असे. त्याच्या फुलांचे सरबत, जांभळ्या-काळ्या फळांचे मद्य, सर्दीपडशावर घरगुती औषध. थोडक्यात, कुंपणही तेच आणि कोठारही तेच. सह्याद्रीत एल्डरबेरी रानोमाळ उगवत नाही. भारतातील तिचे भाऊबंद हिमालयाच्या थंडीत राहतात. मावळातील परसात ती जागा करवंदाने घेतली. दोघांचे कूळ वेगळे, काम मात्र एकच. उलट करवंदाची एक बाजू वरचढ ठरते : एल्डरबेरीला काटे नाहीत.

४/
संस्कृतात याचे नाव करमर्द. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात कोष्ठागाराध्यक्षाचे, म्हणजे राजाच्या कोठारावरील अधिकाऱ्याचे, प्रकरण आहे. त्यात आंबट फळांच्या वर्गात आमसुलाच्या जातीचे वृक्षाम्ल, आंबा, आवळा, महाळुंग, बोर यांच्या पंक्तीला करमर्द बसलेले आहे. त्याच प्रकरणात, थोडे आधी, मिठांचीही यादी येते : सैंधव, सामुद्र, बिड वगैरे. एकाच कोठाराच्या हिशेबात मीठ आणि करवंद! सुश्रुतसंहितेत हेच झुडूप ‘कंटकपंचमूळ’ या पाच काटेरी औषधी मुळांच्या गणात सापडते. लिनिअसने १७६७ मध्ये त्याला ‘कॅरिसा करंडास’ असे शास्त्रीय नाव दिले. त्यातील ‘करंडास’ हा आपल्याच ‘करवंदा’चा सहोदर.

५/
काटेरी झाडोऱ्याचे मोल मराठी राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणात गडाभोवतीची झाडी हीच गडाची राखण मानली आहे; ती यत्नाने वाढवावी आणि तिला हत्यार लागू देऊ नये, असा दंडक आहे. तट फुटला तर गवंडी लागतो. जाळी तोडली तर ती पावसाळ्यात पुन्हा फुटते. लोहगड-विसापूरच्या उतारावरून वाट सोडून उतरण्याचा प्रयत्न ज्याने केला असेल, त्याला या दंडकाचा अर्थ पोटऱ्यांवरच्या ओरखड्यांनी समजला असेल.

६/
हीच युक्ती शेतकऱ्याने परसाला लावली. करवंदाची वई धरण्याची रीत साधी, पण वेळेची पक्की. जूनच्या तोंडाशी पूर्ण पिकलेली काळी फळे घ्यावीत, बिया धुऊन सावलीत सुकवाव्यात आणि लगेच वाफ्यात पेराव्यात. हे बी फार दिवस टिकत नाही. दिवाळीपर्यंत डब्यात ठेवले तर ते वाया जाते. रोपे सुरुवातीला फार सावकाश वाढतात, म्हणून ती वर्षभर वाफ्यातच सांभाळावी लागतात.

दुसऱ्या पावसाळ्यात बांधाच्या कडेला चर खणून दोन-तीन फुटांवर एकेक रोप लावायचे. शेंडा खुडला की झाड उंच जाण्याऐवजी बुंध्यापासून फुटते, फांद्या एकमेकींत गुंततात आणि जोडीजोडीने येणारे काटे भिंत विणतात. मुळे धरली की पाणी नको, खत नको. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून फळ. कच्च्याचे लोणचे, पिकल्याचा मुरंबा, उरलेले पोरांचे. फळ फोडून आत लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा खेळ मावळातील किती पिढ्यांनी खेळला असेल, याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही.

७/
आता ती चाकरी. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात मिठावरचा कर जबर होता. पश्चिमेकडच्या संस्थानी मुलखात आणि मुंबई इलाख्यात मीठ त्या मानाने बरेच स्वस्त. साहजिकच स्वस्त मीठ चोरवाटांनी पूर्वेकडे सरकू लागले. ते अडवण्यासाठी इंग्रजांनी देशाच्या पोटातून एक जकातरेषा ओढली. सिंधूकाठापासून निघून ती दक्षिणेस खानदेशाच्या शेजारच्या बऱ्हाणपुरापर्यंत आणि तिथून पूर्वेकडे महानदीच्या दिशेने जाई. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे २३०० मैल होती आणि तिच्यावर पहाऱ्याला जवळपास १२ हजार माणसे होती. मावळ या रेषेच्या बाहेर, स्वस्त मिठाच्या बाजूला पडत होते. रेषेपलीकडच्या मजुराला मात्र तेच मीठ कित्येक पटींनी महाग पडे.

८/
प्रारंभी ही रेषा म्हणजे तोडलेल्या काट्याकुट्यांचा ढीग होता. एका मैलाला सुमारे २५० टन झाडोरा लागे. वाळवी तो खाई, वणवा जाळी, वादळ उडवून नेई. १८६७ मध्ये अंतर्गत जकातीचा कमिशनर म्हणून ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम आला. पक्षी आणि वनस्पती यांचा हा व्यासंगी माणूस. मेलेले कुंपण दरवर्षी नव्याने रचण्यापेक्षा जिवंत कुंपण लावावे, हे त्याने ताडले. कोणत्या मातीत काय तगते याचे प्रयोग झाले. चर खणले गेले, बाहेरून माती आणली गेली, पाण्याची सोय झाली. निवडलेल्या झाडांत बाभूळ होती, बोर होती, निवडुंग होता, थोर होता आणि करवंद होते.

९/
म्हणजे मावळच्या शेतकऱ्याची वईच, फक्त हजारपट लांब. आदर्श कुंपण दहा ते चौदा फूट उंच आणि सहा ते बारा फूट रुंद असावे, असा ह्यूमचा हिशेब. परसातल्या वईत गुरे शिरू नयेत म्हणून काटे असतात. या वईचे काटे मिठाची गाठोडी घेऊन येणाऱ्या माणसांसाठी होते. घामाने अंग निथळणाऱ्या कष्टकऱ्याला मीठ ही चैन नव्हे. तरीही पकडल्या गेलेल्यांच्या वाट्याला दंड किंवा कैद येई. पहारेकऱ्यांचे पगार तुटपुंजे, त्यामुळे लाच आणि छळ यांना ऊत आला. ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण मराठीत फार जुनी. तिचे इतके शब्दशः उदाहरण क्वचितच सापडेल.

१०/
१८७० पासून सांभर सरोवरासारखी मिठाची उगमस्थाने इंग्रजांनी भाडेपट्ट्याने ताब्यात घेतली आणि पुढे प्रांताप्रांतातील कराची तफावत कमी केली. मीठ निघते तिथेच कर वसूल होऊ लागल्यावर वाटेत अडवण्याची गरज उरली नाही. १ एप्रिल १८७९ रोजी ही जकातरेषा मोडीत निघाली. यात सरकारचे औदार्य शोधण्याचे कारण नाही. मिठावरचा कर तसाच राहिला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांत तर या समानीकरणात तो वाढला. कुंपण गेले आणि त्याचा भुर्दंड रेषेबाहेरच्यांनाही पडला.

११/
ह्यूमचे पुढचे आयुष्य सर्वांना ठाऊक आहे. १८८५ च्या डिसेंबरात काँग्रेसची स्थापना झाली, तीत त्याचा पुढाकार होता. ते पहिले अधिवेशन पुण्याला व्हायचे ठरले होते; पटकीच्या साथीमुळे ते मुंबईला हलवावे लागले, नाहीतर मुंबईकडचे प्रतिनिधी बोरघाट चढून वडगावावरूनच पुण्याला गेले असते. पंचेचाळीस वर्षांनी याच संस्थेने मिठाचा कायदा मोडण्याचे आंदोलन उभारले. १९३० मध्ये महाराष्ट्रात शिरोड्याचा आणि वडाळ्याचा मिठाचा सत्याग्रह झाला. तेव्हा जकातीच्या कुंपणाची आठवण फारशी कोणाला नव्हती. जिवंत कुंपण राखणारा गेला की ते लोक सरपणाला तोडून नेतात, त्याच्या बांधावरून रस्ता होतो. इंग्रज लेखक रॉय मॉक्सम याने १९९० च्या दशकात नकाशे घेऊन या कुंपणाचा शोध घेतला, तेव्हा अनेक खेपांनंतर उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात त्याचा एक लहानसा अवशेष हाती लागला.

१२/
कुंपण मोडीत निघण्याआधी पाच वर्षे, १८७४ मध्ये, अमेरिकेत जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचे पेटंट मिळवले होते. त्या तारेने जगभरातील वया हळूहळू गिळल्या. ती पहिल्या दिवसापासून राखण करते, तिसऱ्या वर्षाची वाट पाहावी लागत नाही. मोबदल्यात फळ मात्र देत नाही. शोभेची म्हणून परदेशातून आणलेली घाणेरी बागांतून निसटली आणि डोंगरउतारांवर करवंदाच्या जागा बळकावत गेली.

१३/
लोणावळा-खंडाळ्याच्या घाटात उन्हाळ्यात पानांच्या द्रोणात करवंदे विकणाऱ्या बायका दिसतात. त्यांत कातकरी, ठाकर, महादेव कोळी समाजांतील पुष्कळजणी असतात. ‘डोंगरची काळी मैना’ ही हाक घाटात उतरणाऱ्या प्रवाशाच्या ओळखीची. पहाटे जाळीत शिरायचे, हात ओरबाडून घ्यायचे, बोटांना चिकटलेला पांढरा चीक खरवडायचा आणि ऊन चढण्याआधी रस्त्यावर यायचे, हा त्यांचा मोसम जेमतेम दीड-दोन महिन्यांचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा गौण वनोपजावर आदिवासींचा हक्क मान्य केला. पण तो वनजमिनीपुरता. ज्या उतारांवर बंगल्यांसाठी भूखंड पाडले गेले, तिथल्या जाळ्या त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. तारेपलीकडे करवंद पिकते आणि तिथेच गळून पडते.

१४/
मावळात अजूनही काही जुन्या घरांमागे करवंदाची वई टिकून आहे. जूनच्या पहिल्या पावसाने गळलेल्या फळांतले बी तिच्या बुंध्याशी रुजते आणि श्रावणात तिथे बोटभर उंचीची रोपे दिसतात. ती काढून दुसऱ्या बांधावर लावायला वाफाही लागत नाही.