'हो' म्हणणाऱ्यांचा मुलूख

लॅटिनमध्ये 'हो'साठी नेमका असा शब्दच नव्हता. "आलास का?" असं विचारलं की "आलो" म्हणायचं, आपल्याकडेही पुष्कळदा म्हणतात तसंच. पुढे लॅटिनच्या लेकीबाळींनी आपापली सोय लावली. आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेत 'हे' या अर्थाच्या 'हॉक'चा 'ऑक' झाला. उत्तरेत 'हॉक इल्ले'चा 'ऑइल' आणि त्याचा आजचा 'वी'. चौदाव्या शतकाच्या आरंभी दान्तेने लॅटिनच्या या लेकी होकारावरूनच वेगळ्या ओळखल्या: ऑकवाल्या, ऑइलवाल्या आणि 'सी' म्हणणाऱ्या.

लांग दॉक म्हणजे ऑकची भाषा. मुलखाला मात्र हे नाव चिकटलं ते फ्रेंच राजाच्या कारभारातून. तोवर तिथला माणूस तुलूजच्या काउंटचा, नाहीतर कार्कासॉनच्या व्हायकाउंटचा. 1209 मध्ये पोपच्या हाकेवरून उत्तरेकडचे सरदार कॅथार पाखंड्यांविरुद्ध चालून आले आणि 22 जुलैला बेझिए शहरात कत्तल झाली. 1229 च्या तहात तुलूजच्या काउंटची एकुलती मुलगी जान राजाच्या भावाला, आल्फाँसला, द्यायचं ठरलं. 1271 मध्ये ते दोघंही काही दिवसांच्या अंतराने निपुत्रिक वारले आणि मुलूख अलगद राजाच्या पदरात पडला. मग राजाच्या लॅटिन कागदांत 'ऑक्सितान भाषेचा', म्हणजे ऑकच्या भाषेचा, 'देश' असे शब्द येऊ लागले. जिंकणाऱ्याने मुलखाला नाव दिलं ते हरलेल्यांच्या बोलीवरून. पुढे 1539 च्या फर्मानाने त्याच बोलीला सरकारी दप्तराबाहेर काढलं.

क्रांतीनंतर, 1790 मध्ये, लांगदॉक प्रांत मोडून त्याचे जिल्हे पाडले. त्यांना नावं दिली नद्या-डोंगरांची: ओद, एरो, गार, लोझेर. जुनी निष्ठा पुसायची तर नकाशातलं नाव आधी पुसावं, हा हिशेब होता. विसाव्या शतकात 'लांगदॉक-रूसियों' या जोडनावाने ते परतलं. 2004 च्या सुमारास तिथले अध्यक्ष जॉर्ज फ्रेश यांनी थेट गॉथांच्या काळातलं 'सेप्टिमानी' हे नाव उकरून काढलं; लोक चिडले, आणि ते गुंडाळावं लागलं.

2016 मध्ये शेजारचा प्रदेश जोडला गेला आणि नव्या नावासाठी लोकांचं मत मागवलं. सुमारे 45 टक्के मतं घेऊन 'ऑक्सितानी' पहिलं आलं. पण ऑक्सितान बोलीचे प्रोव्हान्स आणि लिमूझँ या हद्दीबाहेर, आणि पर्पिन्याँचे कातालान बोलणारे आत. त्यांनी मोर्चे काढले. प्रादेशिक परिषदेने नावाखाली 'पिरेने-भूमध्य' असं उपशीर्षक जोडलं. कातालानांचा होकार 'सी'.

तुलूजच्या मेट्रोत हल्ली स्थानकाचं नाव दोनदा पुकारतात: आधी फ्रेंचमध्ये, मग ऑक्सितानमध्ये.