मलिक अंबराची फौज आणि रोमचे शिपाई

इतिहास वाचतांना लक्ष जातें तें राजांच्या नांवांकडे आणि लढायांच्या सालांकडे. ती लढाई ज्यानें अंगावर घेतली तो साधा शिपाई कोण होता, कोठून आला आणि परक्याच्या राज्यासाठीं त्यानें प्राण कां वेंचले, हा प्रश्न बहुधा मागेंच राहतो. दक्षिणेंतील श्रोत्यांना या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं दूर जावयास नको. मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेली खडकी, म्हणजेच पुढचें औरंगाबाद आणि आजचें छत्रपति संभाजीनगर, आपल्या घराजवळच आहे.

उस्मानपुऱ्याप्रमाणें या शहरांतील कित्येक वस्त्यांच्या नांवांत ‘पुरा’ हा शब्द आढळतो. ‘बावन्न पुरे, बावन्न दरवाजे’ अशी त्याची ख्यातीच आहे. त्यांपैकीं मालपुरा, खेलपुरा, परसपुरा आणि विठापुरा हीं नांवें अंबराच्या पदरीं असलेल्या मालोजी, खेलोजी, परसोजी व विठोजी या मराठे सरदारांवरून पडलीं, असें सांगतात. मुसलमानी राज्य, त्याचा कारभारी आफ्रिकेंतील हबशी आणि त्याच्या राजधानींतील पेठा मराठ्यांच्या नांवाच्या! त्या फौजेची घडण यावरून सहज ध्यानांत येते.

अंबराचा जन्म इथिओपियांत झाला. बालपणींच गुलाम म्हणून विकला जाऊन तो हातोहात दक्षिणेंत आला आणि निजामशाहीचा वजीर चंगीझखान यानें त्याला विकत घेतलें. हा चंगीझखानहि हबशीच होता. दक्षिणेंतील सुलतानांना असे गुलाम शिपाई हवे असत, याचें कारण उघड आहे. परमुलखांतून आणलेल्या माणसाला येथें ना भाऊबंद, ना वतन. धन्याच्या कृपेवांचून त्याला दुसरा आधार नसे. धनी निवर्तल्यावर अंबर स्वतंत्र झाला. कांहीं काळ विजापुराकडे चाकरी करून १५९५ च्या सुमारास तो दीडशे स्वारांनिशीं निजामशाहींत परतला. १६०० मध्यें मोगलांनीं अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हां परांड्यास दुसऱ्या मूर्तजा निजामशहाला गादीवर बसवून बुडतें राज्य त्यानेंच सांवरलें.

दीडशे स्वारांनीं मोगलांशीं झुंजणें शक्य नव्हतें. विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याच्या १६१० च्या सुमाराच्या अंदाजाप्रमाणें अंबराजवळ दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दक्षिणी लोक होते. या दक्षिणी लोकांत मराठ्यांचा भरणा मोठा होता. त्यांची भरती दोन प्रकारें होई. ज्याला घोडा सरकारांतून मिळे तो बारगीर आणि जो स्वतःच्या घोड्यानिशीं चाकरीस येई तो शिलेदार. देशमुख, पाटील व लहानमोठे सरदार आपापल्या मुलखांतील माणसें घेऊन येत. डोंगर, घाट आणि पाणवठे यांची या स्वारांना उपजत माहिती असल्यामुळें शत्रूची रसद तोडणें आणि छावणीवर अकस्मात् छापा घालणें, हा त्यांचा हातखंडा झाला. १६२४ मध्यें भातवडीस मोगल व आदिलशाही या दोन्ही फौजा मिळून चालून आल्या असतां अंबरानें तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणींत चिखल माजविला आणि जय मिळविला. शहाजीराजांचे बंधु शरीफजी त्याच लढाईंत धारातीर्थीं पडले.

प्राचीन रोमकडे पाहिलें म्हणजे हेंच चित्र मोठ्या पटावर दिसतें. रोमच्या मूळ पलटणींत, म्हणजे लीजनांत, नागरिकांनाच प्रवेश असे. परंतु त्यांच्या जोडीला गॉल, स्पेन, सीरिया, आफ्रिका येथील प्रजाजनांचीं साहाय्यक पथकें असत. ब्रिटनच्या उत्तर सीमेवर हेड्रियन बादशहानें बांधलेल्या तटावर सीरियाचे तिरंदाज आणि आफ्रिकेचे मूर पहारा करीत. पंचवीस वर्षें इमानानें चाकरी केल्यावर अशा शिपायास रोमचें नागरिकत्व मिळे आणि त्याची सनद ब्राँझच्या पत्र्यावर कोरून दिली जाई. परक्याला आपलासा करण्याचा हा राजमार्ग होता. पुढें इ. स. २१२ मध्यें कॅराकॅला बादशहानें साम्राज्यांतील बहुतेक सर्व स्वतंत्र प्रजेस नागरिकत्व दिलें.

पण केवळ सनदेनें मन बांधलें जातें असें नाहीं. आर्मिनियस हा जर्मन सरदार रोमचा नागरिक होता, रोमच्याच फौजेंत शिकून तयार झाला होता, आणि इ. स. ९ मध्यें त्यानेंच जर्मनीच्या अरण्यांत रोमच्या तीन पलटणींची धूळधाण केली. निजामशाहीलाहि हा अनुभव आला. लखुजी जाधवरावांसारखा बलाढ्य सरदार १६२१ च्या सुमारास मोगलांस जाऊन मिळाला. गुलाम शिपाई सर्वस्वीं धन्यावर अवलंबून; वतनदाराचें मात्र तसें नव्हतें. त्याची माणसें त्याचीं स्वतःचीं होतीं आणि तो गेला म्हणजे सारी फौज घेऊन जाई. अशांना राखावयाचें तर मान, जहागीर आणि विश्वास हीं तिन्ही द्यावीं लागत.

अंबराला हें कळत होतें. त्याच्या मागें राज्य सांभाळणारांना तें उमगलें नाहीं. १६२६ मध्यें अंबर वारला. १६२९ मध्यें निजामशहानें लखुजींना त्यांच्या मुलांसह दौलताबादेस दरबारांत बोलावून दग्यानें मारलें. तेव्हांपासून मराठे सरदारांचा विश्वास उडाला तो उडालाच. १६३३ मध्यें दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवालीं करणारा फत्तेखान हा तर खुद्द अंबराचा मुलगा, हबशी रक्ताचा! उलट, एका लहान मुलाला गादीवर बसवून १६३६ पर्यंत निजामशाहीचें नांव जिवंत ठेवणारे शहाजीराजे मराठे होते. इमान जातीवरून ओळखूं म्हणणाऱ्यास याहून स्पष्ट उत्तर कोणतें?

नाना देशांच्या, नाना धर्मांच्या लोकांची फौज ही दुबळी असते, असा समज कित्येकांचा असतो. रोम आणि खडकी या दोहोंचा इतिहास त्याला दुजोरा देत नाहीं. अशी फौज कित्येक पिढ्या सीमा राखूं शकते आणि दिल्लीच्या बादशहालाहि जेरीस आणूं शकते. ती मोडते तेव्हां तिच्यांतील माणसें वेगवेगळ्या रक्ताचीं होतीं म्हणून मोडत नाहीं; ज्याच्यासाठीं तीं लढलीं, त्यानें त्यांना आपलें मानण्याचें सोडलें, म्हणून मोडते.