उशिरा कळलेल्या गोष्टी



आपल्यापैकी पुष्कळांना एक गुप्त दुखणे असते. रोजच्या व्यवहारातली एखादी गोष्ट, जी म्हणे पोराटोरांनाही ठाऊक असते, ती आपल्याला चाळिशी-पन्नाशीत कळते. शेकडा व्याज कसे मोजतात, रेल्वेच्या वेळापत्रकातले बावीस वाजून दहा मिनिटे म्हणजे रात्रीचे किती, वीजबिलातला ‘युनिट’ म्हणजे काय, अशा या गोष्टी. कळल्याचा आनंद क्षणभर टिकतो आणि मग मन खाऊ लागते, की इतकी वर्षे आपण चार लोकांत वावरलो तरी कसे! ही लाज कितपत रास्त आहे, याचा निवाडा इतिहासाकडून करून घ्यावा, एवढाच माझा आजचा विषय आहे.

पहिली गोष्ट घड्याळाची. ‘किती वाजले?’ याहून साधा प्रश्न नाही. परंतु एकोणिसाव्या शतकात मुंबईची वेळ निराळी होती, मद्रासची निराळी होती, आणि रेल्वे मद्रासच्या वेळेने धावत असे. १ जानेवारी १९०६ रोजी सरकारने हिंदुस्थानची प्रमाणवेळ लागू केली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणीचा भोंगा घड्याळातल्या जुन्याच आकड्यावर वाजणार, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने कामगाराने ३९ मिनिटे आधी अंथरूण सोडायचे. त्याच जानेवारीत जेकब सॅसून गिरणीतल्या कामगारांनी याविरुद्ध काम बंद केले. पुस्तकी शिक्षणाचा गंध नसलेल्या या माणसांना आकडा आणि उजेड यांतला फरक बरोबर कळला होता. पुढे रेल्वे नव्या वेळेने आणि नगरपालिका जुन्या मुंबई वेळेने, असा प्रकार १९५५ पर्यंत चालला. जवळजवळ पन्नास वर्षे या शहरात ‘किती वाजले?’ याला ‘कोणत्या घड्याळाने?’ हाच शहाणपणाचा प्रतिप्रश्न होता. तेव्हा घड्याळाचे ज्ञान माणूस जन्मतः घेऊन येतो, असे कोणी समजू नये.

दुसरी गोष्ट पैशाची. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, पैशाच्या पै तीन. हा हिशेब शाळेची पायरी न चढलेल्या बायकांच्या बोटांवर असे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. त्या एका दिवशी वकील, मास्तर, हमाल आणि भाजीवाली एकाच बाकावर येऊन बसले. ज्याला उभ्या जन्मात कोणाला हिशेब विचारावा लागला नव्हता, तोही रूपांतराचा तक्ता हाती घेऊन उभा राहिला. त्या तक्त्यातही खाचखळगे होते. एक आणा म्हणजे नेमके सव्वासहा नवे पैसे. पण पाव पैशाचे नाणे नाही, म्हणून आण्याचे सहाच धरायचे. आता एकेक आणा सोळा वेळा मोडून पाहा. हाती शहाण्णव येतात. चार नवे पैसे गेले कोठे? ज्याने प्रश्न विचारला, त्याने सोळा आणे एकदम मोडून शंभर घेतले. जो लाजून गप्प बसला, त्याचे चार पैसे गेले. लाजेची किंमत इतक्या नेमकेपणाने मोजून दाखवणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

वजनांचेही तेच झाले. १९५६ च्या कायद्यान्वये १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आले. ऐंशी तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, बाजारातून उठला. त्याचा ‘पावशेर’ मात्र जिभेवर राहिला, आणि आज तो अडीचशे ग्रॅमचा झाला आहे. आजचा कॉलेजातला मुलगा ‘सोळा आणे खरे’ असे म्हणतो; सोळाच का, असे विचारले तर गोंधळतो. त्याच्या पणजीला हे शाळेत न जाता ठाऊक होते. मग दोघांत अडाणी कोण? दोघांपैकी कोणीच नाही. ज्याला जे रोज हाताळावे लागले, ते त्याला आले.

तिसरी गोष्ट अक्षराची. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८५५ साली पुण्यात, दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. शिकण्याचे वय टळून जाते, हे त्यांना मान्य नव्हते. तरीही १९५१ च्या शिरगणतीत देशात शेकडा सुमारे १८ माणसेच साक्षर भरली. पुढे १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. तिची खरी युक्ती लाजेवरच होती. एकट्या म्हाताऱ्याने पाटी घेतली तर गाव हसते. पण चौदा ते पन्नास वयाचा सारा गावच पाटी घेऊन बसला, तर हसायला उरतो कोण? गाव साक्षर झाले की ‘ग्रामगौरव समारंभ’ होई. काल लपवण्याची असलेली गोष्ट आज वाजतगाजत साजरी होऊ लागली.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट सांगतो. युनियनच्या कचेरीत निवृत्तीला आलेला कामगार दार लोटून घेतो आणि ‘मेहुण्यासाठी विचारतो’ असे म्हणून स्वतःचाच प्रश्न विचारतो. भविष्य निर्वाह निधीत आपल्या कपातीइतकीच जबाबदारीची भर मालकालाही घालावी लागते, हे कित्येकांना तेव्हा कळते. हा कायदा १९५२ चा! आणि कळल्यावर तो म्हणतो काय? ‘कोणाला सांगू नका.’ भर पडली की नाही हे पाहण्याची वर्षे निघून गेली, याचा राग यायच्या ठिकाणी त्याला लाज येते. १९३६ च्या पगार कायद्याने त्याचा सारांश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेत कारखान्यात लावण्याचे बंधन घातले होते. पण फलक लावला म्हणजे तो वाचला गेला, असे नव्हे. आणि ज्याला वाचता येत नाही तो ‘जरा वाचून दाखवा’ असे म्हणत नाही, तोवर त्या फलकाचा उपयोग भिंतीलाच.

रविवारच्या सुटीचेही असेच आहे. ती पंचांगातून आलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्ज केले, सभा भरवल्या, तेव्हा १८९० साली मुंबईच्या गिरणीमालकांनी ती मान्य केली. हे ज्याला ठाऊक नाही, त्याला सुटी ही मेहेरबानी वाटते. ज्याला ठाऊक आहे, तो ती हक्काने मागतो. आज अनेक ठिकाणी ठेकेदाराकडचे लोक आठवड्याचे सातही दिवस राबतात, म्हणून ही गोष्ट कितीही उशिरा कळली तरी कळलेली बरी.

तेव्हा निवाडा असा, की प्रत्येक साध्या गोष्टीला जन्मतारीख असते. ती ठरवणारा कोणीतरी असतो आणि ती सर्वांना सारखीच पोहोचत नाही. न कळण्यात कमीपणा नाही. न विचारण्यात मात्र तोटा आहे, आणि तो ज्याच्या फायद्याचा आहे त्याला आपली लाज फार आवडते. घरी आजोबांनी मोबाइलमधले काही विचारले, कामावर एखाद्याने पगारपत्रकातले काही विचारले, तर ‘एवढेही ठाऊक नाही?’ हे शब्द गिळून टाकावेत आणि उत्तर द्यावे. या व्याख्यानमालेत आपण सारे जमतो ते तरी आणखी कशासाठी?