चार कानांची खोली

खलबतखाना म्हणजे राजवाड्यातली ती जागा, जिथे राजा मोजक्या माणसांशी बोलतो आणि ते बोलणे उंबऱ्याबाहेर पडत नाही. दरबारात जे जाहीर होते, ते आधी इथे ठरलेले असते. मोगलांकडे हिला दिवाण-ए-खास म्हणत. मराठी मुलखात खलबतखाना हे नाव रुळले. खलबत्त्याशी या नावाचे नाते फक्त कानाला जाणवते. खलबत्ता म्हणजे खल आणि बत्ता. खलबत हा मात्र अरबी ‘खल्वत’चा मराठी अवतार, आणि त्याचा मूळ अर्थ एकांत.

शब्द उशिरा आला, गरज फार जुनी. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वत्स गोत्राचा अयम, याने लेखातल्या कालगणनेच्या ४६ व्या वर्षी पाण्याची पोढी (टाके) आणि मंडप दान केल्याची ती नोंद. हे दान धर्मासाठी होते, राजकारणासाठी नव्हे. पण दात्याचे पद पाहण्यासारखे आहे. ‘अमा’ म्हणजे घरी, जवळ. अमात्य म्हणजे राजाच्या घरचा, निकटचा माणूस. मंत्री या शब्दाचेही तसेच : मंत्र म्हणजे गुप्त सल्ला, आणि तो ज्याच्याशी करायचा तो मंत्री. पदांची नावे अशी थेट एकांतातून आली आहेत.

या एकांताची जागा कशी असावी हे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सांगितले आहे. ती चहूबाजूंनी बंद असावी, बोलणे बाहेर झिरपू नये, पक्ष्यांच्याही नजरेस पडू नये. कारण पोपट-मैनांनी आणि कुत्र्यांनीही मसलती फोडल्याचे ऐकिवात आहे. आज हसू येते, पण शिकवलेला पोपट पाळणाऱ्या अंतःपुरात ही धास्ती अगदीच खुळी नव्हती. सल्लागार किती असावेत याचाही हिशेब तिथे आहे, आणि तीन-चारांवर कौटिल्याचा कल दिसतो. लोकांचा हिशेब याहून कडक. दोघांचे चार कान. तिसरा आला की सहा झाले आणि गोष्ट ‘षट्कर्णी’ झाली. मराठीत आजही फुटलेल्या गुपिताला हाच शब्द लागतो.

खल्वत हा शब्द सूफींच्याही वापरातला. साधकाने जगापासून दूर, बंद कोठडीत बसून ईश्वरचिंतन करायचे, ती खल्वत; या साधनेवरून खल्वतिया नावाचा पंथही निघाला. फारसी दरबारांत कोठडी तीच राहिली, चिंतनाचा विषय बदलला. दख्खनमध्ये फारसी दरबारी रीत रुजवली ती बहमनी सुलतानांनी. त्यांच्या बिदरच्या दरबारातला वजीर मलिक हसन निजाम-उल-मुल्क याचा मुलगा मलिक अहमद जुन्नरचा सुभेदार होता. १४८६ मध्ये बापाचा खून झाला आणि १४९० मध्ये मुलाने स्वतंत्र राज्य पुकारले. ती निजामशाही. तिची पहिली गादी जुन्नरची. अहमदनगर त्यानंतर वसले. पुढे सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात मलिक अंबरने राजधानी काही काळ पुन्हा जुन्नरला आणली. बिदरची दरबारी भाषा जुन्नरच्या कुकडी नदीच्या खोऱ्यात कोणत्या वाटेने आली असेल, ते यावरून कळते.

राजाचा एकांत एका खोलीने साधत नाही. तो दारांनी साधतो. जुन्नरच्याच शिवनेरी गडावर चढताना सात दरवाजे लागतात : महादरवाजा, पीर दरवाजा, मग परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा आणि पुढचे. त्यांतला परवानगीचा दरवाजा नावानेच आपले काम सांगतो. प्रत्येक दार माणसे गाळत जाते. शिपायाला एक हद्द, कारकुनाला दुसरी, आप्ताला तिसरी. शेवटच्या दारापर्यंत पोचतात ते चार-दोन. राजवाड्यातही हीच चाळणी लहान मापाने लावलेली असते : देवडी, चौक, सदर आणि मग आतले दालन.

जाहीर सभा आणि आतले दालन या दोन टोकांमधला फरक रायगडावर सर्वांत स्पष्ट दिसतो. तिथली राजसभा २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद. सिंहासनाच्या जागी हलक्या आवाजात बोललेले समोर नगारखान्याच्या दाराशी ऐकू येते; गडावर येणारा प्रत्येक जण हे करून पाहतो. त्याच बालेकिल्ल्यात, मोकळ्या जागेत, जमिनीखाली एक तळघर आहे. काही जण त्याला रत्नशाळा म्हणतात, काही खलबतखाना. जडजवाहीर आणि मसलत, दोन्ही वस्तू जपायच्याच असल्याने एकाच तळघराला दोन नावे चिकटली यात नवल नाही. खलबतखाना म्हणून पाहिले तर रचना चोख आहे : चारी बाजूंनी माती-दगड, कान लावायला भिंतीची पलीकडची बाजूच नाही, आणि उतरणारा माणूस वरून दिसतो. सभेचा गुण आवाज पोचवण्यात, खलबतखान्याचा तो अडवण्यात. बाहेरच्या दरबारांनी हाच प्रश्न वेगळ्या युक्त्यांनी सोडवला. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात सुलतानाच्या भेटीच्या दालनापाशी कारंजे आहे. वाहत्या पाण्याच्या आवाजात आतले बोलणे बुडावे हा त्याचा उपयोग सांगतात. शिवाय तिथे मुके सेवक ठेवीत.

मोगलांच्या खासगी दालनाचे चालू बोलीतले नाव मात्र गमतीचे : गुसलखाना, म्हणजे न्हाणीघर. अकबर स्नान करी त्या जागेजवळ फक्त मर्जीतल्यांना प्रवेश असे. हळूहळू दिवाण आणि बक्षी तिथेच कामे उरकू लागले, आणि शाहजहानने दौलतखाना-ए-खास असे भारदस्त नाव दिल्यावरही लोकांनी जुनेच चालवले.  शिवनेरीवर १६३० मध्ये जन्मलेल्या शिवरायांची औरंगजेबाशी आग्र्याला भेट झाली ती १२ मे १६६६ रोजी. पोचायला उशीर झाला, आम दरबार आटोपला होता. त्यामुळे जयपूरच्या दफ्तरातल्या पत्रांनुसार मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा रामसिंह त्यांना घेऊन गेला तो या गुसलखान्यात. खास दालनातही रांगा होत्या, आणि कोणती रांग यावरूनच ठिणगी पडली.

नावांची अशी उलथापालथ नवी नाही. हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात निजामाच्या भव्य दरबारी दिवाणखान्याचे नाव खिलवत मुबारक. एकांताचा शब्द सर्वांत गर्दीच्या दालनाला लागला, आणि बाहेरच्या पेठेलाही लोक खिलवतच म्हणू लागले.

घोड आणि कुकडीच्या खोऱ्यांत पाटला-देशमुखांचे जे जुने वाडे आहेत, त्यांत राजवाड्याची ही रचना घरगुती होऊन आली. देवडीनंतर चौक, चौकाला लागून सदर. तिथे वसूल, तंटे, पाहुणे. बाहेरच्यांची हद्द तिथे संपते. माजघर आतल्यांचे, आणि जमिनीच्या वाटणीपासून सोयरिकीपर्यंतचे खरे बोलणे होई ते तिथेच. दिवाणखाना हा दरबारी शब्द शहरांतल्या दोन खोल्यांच्या घरापर्यंत पोचला. खलबतखान्याला ते जमले नाही; खोली गडावरच राहिली. खाली उतरली ती नुसती खलबते. तीही बहुधा अनेकवचनात आणि संशयाच्या सुरात : निवडणूक जवळ आली की जुन्नर-आंबेगावातल्या कोणत्या बंगल्यात कोणाची खलबते रात्री उशिरापर्यंत चालली, हे सकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांना ठाऊक असते.