मधमाश्यांचे प्रहर

ऑग्युस्त फोरेल या स्विस विद्वानाने आपली ऐन उमेदीची वर्षे झुरिकच्या मनोरुग्णालयाच्या कारभारात आणि उरलेला जवळजवळ सारा वेळ मुंग्यांच्या अभ्यासात वेचला. तथापि मधमाश्यांच्या अभ्यासाच्या इतिहासातही त्याच्या नावावर एक लहानसे, परंतु फार फलदायी निरीक्षण जमा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याच्या घरी उन्हाळ्यात सकाळची न्याहारी बाहेर, मोकळ्या हवेत होत असे, आणि मेजावरच्या मुरंब्याची चटक मधमाश्यांना लागली होती. पुढे हवा बिघडल्यामुळे कुटुंब आत न्याहारीला बसू लागले आणि बाहेरच्या मेजावर गोड पदार्थाचा मागमूसही उरला नाही, तरी त्या माश्या नेमक्या त्याच वेळी येऊन रिकाम्या मेजाभोवती घिरट्या घालीत. केवळ गंध किंवा रंगच त्यांना ओढून आणीत असता, तर रिकाम्या मेजापाशी येण्याचे त्यांना काहीच प्रयोजन नव्हते. त्यावरून या क्षुद्र कीटकाला वेळेचे स्मरण असते, असा सिद्धान्त फोरेलने मांडला. त्याच्याही आधी फॉन बुटल-रेपन या जर्मन अभ्यासकाने, कुट्टूच्या फुलांत मकरंद सकाळीच पाझरतो म्हणून माश्याही त्या शेतात सकाळीच जातात आणि पुढे दिवसभर तिकडे फिरकत नाहीत, हे टिपून ठेवले होते.

मात्र निरीक्षण आणि सिद्धता यांत फार मोठे अंतर असते, आणि ते तोडण्याचे श्रेय म्युनिक येथे कार्ल फॉन फ्रिश यांच्या हाताखाली शिकणाऱ्या इंगेबोर्ग बेलिंग या विद्यार्थिनीकडे जाते. गुरूला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचे नाव शाळकरी पुस्तकांतही आले; शिष्येचे नाव मात्र तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणास ठाऊक नाही, ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. तिचे काम १९२९ साली प्रसिद्ध झाले. साखरपाण्यावर बसलेल्या माशीच्या पाठीवर, लाखेच्या द्रावणात कालवलेल्या रंगाचा ठिपका बारीक कुंचल्याने द्यावयाचा. वक्षाच्या पुढच्या कडेला पांढरा ठिपका म्हणजे एक, तांबडा म्हणजे दोन, निळा म्हणजे तीन, पिवळा म्हणजे चार, हिरवा म्हणजे पाच, आणि तेच रंग मागच्या कडेला दिले की पुढचे अंक, अशी फॉन फ्रिश यांच्या शाळेची पद्धत होती. तिच्यायोगे शेकडो माश्यांची हजेरी व्यक्तिशः घेता येत असे. बेलिंगने अशा अंकित माश्यांना काही दिवस ठराविक वेळीच, उदाहरणार्थ दुपारी चार ते सहा या मुदतीत, खाद्य दिले. मग परीक्षेच्या दिवशी खाद्याचे पात्र रिकामे ठेवून पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तेथे ठाण मांडले आणि कोणती माशी केव्हा आली, याची नोंद केली. बहुतेक भेटी शिकविलेल्या वेळीच पडल्या.

तरीही आक्षेप उरलेच होते. माश्या सूर्याच्या स्थितीवरून वेळ ओळखीत असतील, ही शंका दूर करण्यासाठी प्रकाश आणि उष्णता अहोरात्र एकसारखी ठेवलेल्या बंद खोलीत हाच प्रयोग झाला. माश्या वेळेवर आल्या. मग एकोणीस तासांच्या अंतराने खाद्य देऊन पाहिले, तेव्हा मात्र ते त्यांना मुळीच साधले नाही. चोवीस तासांच्या चक्राबाहेरचे वेळापत्रक त्यांच्या अंगवळणी पडेना. पुढे ऑस्कर वाल याने, अंतराळातून येणाऱ्या किरणांचा प्रभाव असेल ही शंकाही शिल्लक राहू नये म्हणून, माश्यांना जमिनीखालच्या मिठाच्या खाणीत नेले, आणि तेथेही त्या चुकल्या नाहीत.

यानंतरही एक शंका उरली होती, आणि ती सर्वांत चिवट होती: पृथ्वीच्या भ्रमणाबरोबर बदलणारे एखादे अज्ञात कारण माश्यांना बाहेरून वेळ सांगत असेल काय? १९५५ साली माक्स रेनर याने पॅरिस आणि न्यूयॉर्क येथे एकसारख्या बंद खोल्या उभारल्या, पॅरिसमध्ये माश्यांना एका ठराविक वेळेची सवय लावली आणि त्यांना विमानाने रातोरात अटलांटिकपार नेले. न्यूयॉर्कची घड्याळे पाच तास मागे होती. माश्या मात्र शेवटच्या खाद्यानंतर बरोबर चोवीस तासांनी, म्हणजे पॅरिसच्याच वेळेला, पात्रावर हजर झाल्या. घड्याळ त्यांच्या देहातच आहे, याविषयी यापेक्षा निर्णायक दाखला मागणे कठीण होते.

त्याच सुमारास, पोळ्याच्या आत चालणाऱ्या दिनक्रमाची तपासणी मार्टिन लिंडाउअर करीत होता. युद्धात जखमी होऊन परतलेल्या या तरुणाने १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी एकाच माशीवर, काचेच्या पोळ्यातून, सुमारे १७७ तास नजर ठेवली. त्यांतले सुमारे ७० तास ती स्वस्थ बसून होती आणि ५६ तास नुसती फिरून पोळ्याची पाहणी करीत होती. अविश्रांत उद्योगाचे प्रतीक म्हणून जिचा आपण गौरव करतो, तिच्या आयुष्याचा हा तपशील प्रथमदर्शनी चकित करतो; परंतु लिंडाउअरने त्याचा अर्थ बरोबर ओळखला. हे फिरणे आळस नव्हे. कोणते काम कोठे अडले आहे, हे हुकूम देणारा कोणी नसताना प्रत्येक माशी अशा फिरण्यातून स्वतःच जाणून घेते.

पुढच्या पिढीच्या संशोधनात आणखी एक नवल उघडकीस आले: मकरंदासाठी बाहेर जाणाऱ्या वयस्क माश्यांचा दिवस-रात्रीचा ताल ठळक असतो, तर अळ्यांना भरविणाऱ्या तरुण दायांचा मुळीच नसतो, त्या अहोरात्र कामावर असतात, आणि गरज पडून वयस्क माश्या पुन्हा दायांच्या कामाला जुंपल्या गेल्या, तर त्यांचाही ताल लोपतो. १९८० च्या दशकात वाल्टर कायझर याने शृंगिका खाली ढळलेल्या निद्रिस्त माश्यांचे वर्णन करून, त्या खरोखरीच झोपतात हेही सिद्ध केले.

महाबळेश्वरच्या आणि कोकणच्या डोंगरांत सातेरी माश्यांच्या पेट्या सांभाळणाऱ्या आपल्या मधपाळांना माझी एक आग्रहाची विनंती आहे. कोणत्या फुलावर, कोणत्या ऋतूत, किती वाजता माश्या जातात आणि कधी परततात, याची रोजनिशी त्यांनी ठेवावी. तिला खर्च एका वहीचा आहे, आणि जांभूळ, हिरडा, कारवी यांच्या मकरंदाची वेळ पोथ्यांतून नव्हे, तर अशा वह्यांतूनच कळेल.