एटीएमवर जाहिरात का रुजली नाही?

जपानमध्ये जाहिरात कुठे नाही? लोकलच्या डब्यात ती छतापासून लोंबते, स्टेशनाबाहेर टिश्यूच्या पाकिटावरून हातात पडते. मग रोज लाखो लोक ज्याच्यापुढे उभे राहतात, त्या एटीएमवर ती फारशी का रुजली नाही? आयटीत काम करत असल्याने मला हा प्रश्न नेहमी पडतो.

पहिले कारण हिशेबाचे. सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांत एटीएम मांडण्यासाठी २००१ साली आयवाय बँक निघाली. २००५ मध्ये ती सेव्हन बँक झाली. दुसऱ्या बँकेचे कार्ड वापरले की ती बँक हिला शुल्क देते. कमाई व्यवहारांच्या संख्येवर, मग जाहिरात दाखवून रांग कशाला लांबवायची?

दुसरे कारण मनाचे. लोकलमधला प्रवासी रिकामा असतो; एटीएमपुढचा माणूस सावध. पिन लपवायचा, नोटा घ्यायच्या, कार्ड विसरायचे नाही. इकडेतिकडे बघणार कधी?

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. "मी तुमचा मुलगा बोलतोय, अडचणीत आहे," असा फोन करून वृद्धांना एटीएमवरून पैसे पाठवायला लावण्याचे प्रकार फार वाढले. २००४ मध्ये पोलिसांनी या फसवणुकीला 'फुरिकोमे सागी' हे नाव दिले. २००७ पासून एटीएमवरून एका वेळी १ लाख येनपेक्षा जास्त रोख पाठवणे बंद झाले. यंत्रावरच्या मोक्याच्या जागी सावधगिरीचे इशारे आले.

आज भारतातही 'डिजिटल अरेस्ट'च्या नावाखाली ज्येष्ठांना असेच फोन येतात. पुढच्या वेळी घरी बोलाल तेव्हा आईवडिलांना ही जपानी हकिकत जरूर सांगा.